झाडणाचा हक्क

माझी आत्या सायझिंगमध्ये झाडलोट करायला लागली ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरात तिचा विषय निघाला की सगळे तिच्या दुखण्यापासून सुरुवात करतात, आणि मी मान खाली घालून ऐकत बसतो.

सायझिंग म्हणजे काय, हे भिवंडीबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. लूमवर चढण्याआधी उभ्या सुताला खळ द्यावी लागते, नाहीतर ते दोन फुटांत तुटतं. आमच्याकडे ही खळ चिंचोक्याच्या पिठाची असायची. पीठ हौदात वाफेवर शिजवायचं, त्यातून सूत ओढून घ्यायचं, तापलेल्या ढोलांवर सुकवायचं आणि बीमवर, म्हणजे लूमच्या मोठ्या रुळावर, गुंडाळून कारखान्यांना पाठवायचं. पिठाच्या गोण्या ट्रकने यायच्या आणि त्या ज्या कोठारात रचायच्या, त्या कोठारावर मी होतो. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, मी चोविशीत होतो आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. आमच्या गावाहून, दिघाशीहून, पँट घालून ड्युटीला जाणारे माझ्याआधीही सहा-सातजण होते, पण मी असा चालायचो, की जणू ती वाट माझ्यासाठीच पाडली आहे.

कोठार कसलं, लांबट अंधारी खोलीच ती. मागची भिंत बॉयलरच्या खोलीला लागून, त्यामुळे आत बारमाही दमट उबारा. वर पत्रे, आणि पत्र्यांना जितके खिळे तितकी भोकं. पावसाळ्यात खालच्या थरातल्या गोण्या ओल धरायच्या, श्रावणापर्यंत त्यांच्या तागावर हिरवट-करडी बुरशी चढायची, आणि गोणीचं तोंड सोडलं की आंबूस वासाचा भपकारा नाकात जायचा. आतलं पीठ गाठी धरून बसलेलं असायचं. गाठ फोडली की धुरासारखं काहीतरी उठायचं. हौदावरचे लोक तोंड फिरवायचे आणि मी त्यांना हसायचो. वासाने कोणी मरत नाही, असं मी एकदा हौदावरच्या भैयाला सुनावलंही होतं.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर चार वर्षांतच नवरा गेला आणि माझ्या जन्माआधीच ती आमच्या घरी परत आली होती. तिला कोणी घालून-पाडून बोलत नसे. माझी आई तोंडाने फटकळ असली, तरी मनाने तशी नव्हती. पण आत्याच स्वतःला पाहुणी समजून राहायची. कालवण वाढताना सगळ्यांच्या ताटात तिची पळी सढळ पडायची आणि स्वतःच्या ताटावर आली की आखडायची. आई ओरडायची, "वन्सं, घ्या की, का उपाशी मरता!" आत्या म्हणायची, "घेतलंय, घेतलंय," आणि रस्सा भातावर पसरवून जास्त दाखवायची. वीस वर्षं मी हे बघत होतो आणि मला त्याचा राग यायचा. आत्याचा नव्हे, कोणाचा ते मलाही सांगता आलं नसतं.

सायझिंगमधली झाडूवाली म्हातारी काम सोडून लेकीकडे निघाली, तेव्हा मी शेठकडे शब्द टाकला. शेठ भला माणूस होता. "तुम्हारी फूफी है? तो पूछना क्या, शनिचर से ले आओ," एवढंच म्हणाला. आमची सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे आठवडा शनिवारी सुरू व्हायचा. आत्या माझ्या खोलीवर राहायला आली. माझ्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय झाली, हा फायदाही मी हिशेबात धरलाच होता, खोटं कशाला बोलू.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. आत्या कोठारात शिरली, बादलीत हात बुडवला आणि गावी अंगणात शिंपडतात तसं पाणी शिंपडायला लागली. कोरडी जमीन झाडायची, हे आमच्याकडच्या बाईच्या हातालाच माहीत नसतं. मी धावत गेलो आणि सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसलो. पिठावर पाणी पडलं की त्याची खळ होते, फरशीला चिकटते, गोण्यांना ओल लागते, हे सगळं मी तिला वरच्या आवाजात ऐकवलं. तिने बादली उचलून दाराबाहेर ठेवली. मग म्हणाली, "बरं बाबा, तुझं कोठार हाय." त्यानंतर तिने कोठार नेहमी कोरडंच झाडलं. ती आत झाडत असली की दारातून येणाऱ्या उन्हात पीठ तरंगताना दिसायचं आणि त्यात ती अर्धीमुर्धी दिसायची.

झाडून झालं की गोण्या झटकायचं काम असायचं. रिकाम्या गोण्या मागच्या बोळात नेऊन भिंतीवर आपटायच्या, घडी घालायच्या आणि गठ्ठा बांधायचा. बोळ अरुंद, वारा नाही. ती बोळातून बाहेर यायची तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. आम्ही तिला "आली पिठाची बाहुली" म्हणून चिडवायचो आणि ती पदराने तोंड पुसत हसायची.

आता झाडणाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच फिरतं.

कोठारात जे पीठ सांडायचं आणि झाडून गोळा व्हायचं, त्याला झाडण म्हणायचे. ते झाडणारीचं. शेठच्या वडिलांच्या वेळेपासूनची ही रीत होती. गोण्या झटकून निघालेलं पीठही तिचंच. चिंचोक्याचं पीठ म्हशीला चांगलं, म्हणून गावाकडच्या बायका त्याच्यासाठी टपून असायच्या. आणि त्या रीतीला एक जोड होती. जी झाडण नेते, तिची जागा. झाडूवाली आजारी पडली, बाळंतपणाला गेली, तर बदलीवर दुसरी यायची. पण झाडण मूळच्या बाईच्या घरी पोचत राहिलं, तर जागा तिचीच राहायची. बदलीवाली झाडण घरी न्यायला लागली, की जागा तिची झाली. कागद नाही, अंगठा नाही, पण हे कोणी मोडल्याचं मी पाहिलं नाही.

आत्या दर शुक्रवारी झाडणाची गोणी घेऊन एसटीने दिघाशीला जायची. पडवीत बसून ते पीठ चाळायची, सुतळीचे तुकडे, खडे, गाठी बाजूला काढायची आणि म्हशीचं आंबोण कालवायची. म्हैस दुधाला वाढली. आई शेजारणीला सांगायची, "आमच्या वन्संनी आणलंय, म्हणून म्हशीचं बरं चाललंय." हे ऐकताना आत्या चुलीकडे तोंड करून काहीतरी ढवळत बसायची. त्या सुमारास मी एक गोष्ट पाहिली. तिने स्वतःच्या ताटात दुसऱ्यांदा कालवण घेतलं. कोणाला न विचारता घेतलं आणि जेवली. मला इतका आनंद झाला, की मी पानावरून उठून बाहेर गेलो.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात तिला हीव भरायला लागलं. दिवसभर ठणठणीत असायची. संध्याकाळी खोलीवर आली, भाकऱ्या थापून झाल्या, की अंग कापायचं, ताप चढायचा, छाती आवळून यायची आणि कोरडा खोकला सुरू व्हायचा. दोन गोधड्या घालाव्या लागायच्या. सकाळी उठून बसायची आणि म्हणायची, "मना काय झालं न्हाय, वारा लागला." शुक्रवारी काम नसायचं. पण गावी पीठ चाळून आली की पुन्हा तेच. आम्ही म्हटलं, एसटीत भिजली असेल. हिवतापाच्या गोळ्या आणल्या, त्या खाऊन कानात दडे बसले, ताप काही हटला नाही.

एका शनिवारी तिने कामावर न जाण्याचा विषय काढला. "आज बदली दे कुनाला, छातीत धरलंय." मी दाढी करत होतो. आरशातूनच म्हणालो, "कामाचा कंटाळा आला असेल तर तसं सांग ना, रोज नवीन दुखणं कशाला?" तिने केरसुणी उचलली आणि माझ्याआधी निघून गेली. त्या दिवशी ती बोळात गोण्या झटकताना मधेच भिंतीला टेकून उभी राहिलेली मला दिसली होती. मी बघितलं आणि आत आलो.

दिवाळीच्या आत तिचं अंग झडलं. आमच्या खोलीचा जिना नऊ पायऱ्यांचा होता, तेवढ्यात ती दोनदा बसायची. मग मात्र मी घाबरलो. सरकारी दवाखान्यात नेलं, छातीचा फोटो काढला. फोटोत डाग होते. थुंकी तपासली, त्यात काही सापडलं नाही. तरी भिवंडीत त्या काळी खोकणारं, वाळलेलं माणूस समोर आलं की दुसरा विचार कोण करतो? लूमवाल्यांत घरोघरी टीबी होता. डॉक्टरांपुढची रांग रस्त्यापर्यंत गेलेली असायची, त्यांना तरी काय दोष द्यायचा? इंजेक्शनं लिहून दिली आणि सांगितलं, गावी न्या, मोकळी हवा, दूध, अंडी, विश्रांती.

गावी गेल्यावर आत्याने स्वतःच आपला पेला आणि थाळी वेगळी केली. आईने खूप समजावलं, ऐकलं नाही. शेजारच्या गावचा कंपाउंडर सायकलवर येऊन इंजेक्शन द्यायचा. आणि पंधरा दिवसांत चमत्कार झाल्यासारखी ती सुधारली. ताप गेला, खोकला उतरला, विहिरीवरून छोटी कळशी आणायला लागली. आम्ही सगळ्यांनी इंजेक्शनाचे गुण गायले. वडिलांनी कंपाउंडरला कोंबडी दिली.

तिला एकच चिंता होती. "माझी जागा?" प्रत्येक निरोपात हेच यायचं. बदलीवर मी नाल्याजवळच्या वस्तीतली एक बाई लावली होती. दोन लहान मुलं घरी ठेवून यायची, कामाला चोख होती. तिला मी पहिल्या दिवशीच बजावलं, "झाडण तुझं नाही. मूळची बाई यायची आहे." ती "हो दादा" म्हणाली. पण आत्याचा जीव थाऱ्यावर राहीना. तेव्हा मी ठरवलं, आत्या येऊ शकत नाही ना, मग झाडण तिच्याकडे जाईल. मी स्वतः नेऊन देईन.

पहिल्या शुक्रवारी मी गोणी खांद्यावर घेऊन एसटीतून उतरलो आणि बांधावरून घराकडे यायला लागलो. आत्या पडवीच्या पायरीवर बसली होती. मला बघून उभी राहिली. तिच्या तोंडावर जे उमटलं, ते मी माझ्या लग्नातसुद्धा कोणाच्या तोंडावर पाहिलं नाही. "आनलंस? माझंच ना?" असं तिने दोनदा विचारलं. आईला हाक मारून गोणी दाखवली. मग चाळण घेऊन बसली. आई म्हणाली, "राहू द्या, मी चाळते नंतर." आत्या म्हणाली, "बसून बसून हात गंजलं माझं. मीच करतंय."

मी समोर जेवायला बसायचो आणि ती चाळता चाळता सायझिंगची खबर विचारायची. नवीन बॉयलरवाला कसा आहे, शेठच्या मुलीचं लग्न ठरलं का, ती बाई कोपरे काढते का. बोलायचं असल्यामुळे तोंडावर पदर नाही. चाळणीखाली पीठ पडायचं आणि वर राखी धूळ उठायची. मलाही ठसका लागायचा, मग मी ताट घेऊन ओट्यावर जायचो. चार-साडेचारची एसटी पकडून मी परत यायचो.

शेठच्या चांगुलपणाने यात भरच टाकली. पावसाळ्यात बिघडलेल्या वीस-पंचवीस गोण्या कोपऱ्यात पडून होत्या, खळीला चालत नव्हत्या. मी विचारलं, यातलं आत्याच्या गोणीत घालू का? तो म्हणाला, "ले जाओ, बीमार है बेचारी, उसका दिल खुश होगा." मग मी दर आठवड्याला गोणी गच्च भरायला लागलो. वरवर झाडण, आणि खाली ते बुरसटलेलं, गाठी झालेलं पीठ. जितकं जास्त नेता येईल तितकं. आत्या गाठी हाताने फोडायची, वरवंट्याने चुरायची. म्हैस ते कधी खायची, कधी तोंड फिरवायची. जनावराला कळलं होतं.

तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर आई मला एका बाजूला घेऊन म्हणाली, "तू गेलास का तिला हीव भरतंय. रातभर तळमळते. सकाळी बरी होते. पुन्हा शुक्कारपर्यंत काय न्हाय." मी विचारलं, असं का? आई म्हणाली, "का म्हणजे? जीव हाय तुझ्यावर तिचा. तू पाठ फिरवलीस का तिला सोसत न्हाय."

आणि मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, बरं वाटलं. मी इतका कोणाच्या जिवाचा असावा, की मी गेल्यावर त्या माणसाला ताप यावा, याचं मला मनातून सुख झालं. मी ठरवलं, एकही शुक्रवार चुकवायचा नाही. ताप चढायच्या आत मी दर वेळी निघून गेलेला असायचो, म्हणून तो मला एकदाही दिसला नाही. मार्गशीर्षापासून होळीपर्यंत मी एक शुक्रवार चुकवला. तो माझ्या मित्राच्या लग्नाचा. त्या आठवड्यात ती छान राहिली, असं आई म्हणाली होती. त्याचाही अर्थ आम्हाला लावता आला नाही.

होळीपर्यंत ती पुन्हा जमिनीला टेकली. आता ताप येवो न येवो, दम लागलेलाच असायचा. चार पावलं चालली की खांब धरून उभी. बोटांची नखं निळसर दिसायला लागली. इंजेक्शनं चालूच होती. मी तिला बैलगाडीने रस्त्यापर्यंत आणि तिथून एसटीने भिवंडीला आणलं आणि बाजारातल्या एका जुन्या डॉक्टरांकडे नेलं. म्हातारा माणूस, घाई नसलेला. त्यांनी आधीचे कागद बघितले, छातीला नळी लावून खूप वेळ ऐकलं, मग तिलाच विचारलं, "बाई, ताप कधी येतो?"

"शुक्कारी."

"शुक्रवारीच?"

"व्हय. सांच्याला."

"शुक्रवारी काय करता?"

आत्या हसली. "काय न्हाय ओ. ह्यो पोरगा येतंय. ह्यो आला का मना बरं वाटतं."

डॉक्टरांनी तिला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि मला विचारलं, तुम्ही आलात की ती नेमकं काय करते? मी सांगितलं. पीठ, चाळण, म्हैस. पीठ कसं असतं? मी तेही सांगितलं. आधी कामावर काय करायची? सांगितलं. प्रत्येक उत्तराबरोबर माझा आवाज बारीक होत होता. ते म्हणाले, "इथल्या गवताच्या वखारी माहीत आहेत ना? ओलं राहिलेलं गवत कुजतं आणि त्याचे गठ्ठे सोडणाऱ्या बायांना असंच होतं. बुरशीची ती भुकटी छातीत जाते, चार-सहा तासांनी हीव भरतं, दुसऱ्या दिवशी उतरतं. लांब राहिलं तर माणूस बरं होतं. पुन्हा पुन्हा गेली, तर फुफ्फुस राठ होत जातं. पिठाने झालेलं मी पाहिलेलं नाही. पण हा टीबी मला वाटत नाही."

मग कागदावर औषध लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरी ते पीठ आणतं कोण?"

मी म्हटलं, "मी."

त्यांनी वर बघितलं नाही. कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "आता बंद करा. राठ झालेलं मऊ होणार नाही, पण आहे तेवढं राहील, काही दिवस."

बाहेर आत्या बाकावर दोन्ही हात टेकून बसली होती. "काय बोललं डाक्टर?" मी म्हणालो, "धूळ टाळायची म्हणाले." एवढंच. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. आत्या, ते पीठ होतं, आणि ते मी आणत होतो. एसटी स्टँडपर्यंत मी ते जुळवत राहिलो. तिला उसाचा रस पाजला, खिडकीजवळ बसवलं, रस्त्यावर वडील बैलगाडी घेऊन येतील, तिथे सांभाळून उतरवा, असं कंडक्टरला सांगितलं आणि एसटी सुटली तेव्हा ते वाक्य माझ्यापाशीच होतं.

सायझिंगमध्ये जाऊन मी शेठला सांगितलं. त्याने कोपऱ्यातल्या सगळ्या बिघडलेल्या गोण्या दुसऱ्याच दिवशी खाडीवर टाकून दिल्या, एकही प्रश्न न विचारता. नव्या बाईला मी म्हटलं, तोंडाला ओलं फडकं बांध. तिने दोन दिवस बांधलं, मग दम कोंडतो म्हणून सोडलं. मी आग्रह धरला नाही. झाडणही खाडीत टाक म्हणालो, तर ती माझ्याकडे संशयाने बघायला लागली, मूळची बाई येणार नसेल तर झाडण तिचं होणार, आणि तो हक्क मी बुडवायला बघतोय असं तिला वाटलं असणार. पुढच्या वर्षी तिचं बिऱ्हाड कल्याणकडे गेलं. तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

त्या शुक्रवारी मी रिकाम्या हाताने गावी गेलो. आत्या पडवीत होती, चाळण मांडीशी. मी बांधावर असतानाच तिने माझे खांदे बघितले.

"गोन कुठं हाय?"

"बंद केलंय," मी म्हणालो.

"शेठनं?"

मी वाकून चपला काढायला लागलो.

"त्या बाईला दिलंस?"

आता सांगायचं होतं. समोर होती, घरात दुसरं कोणी नव्हतं, आई शेतावर गेलेली. मी तिच्याकडे बघितलं. एवढ्या बोलण्यानेच तिची छाती वर-खाली होत होती. मला वाटलं, हिला कळलं की हिचा श्वास मी भरभरून आणलेल्या गोण्यांनीच नेला, तर हिच्याकडे उरणार काय? हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं असं, की मला तिच्या डोळ्यांची भीती वाटली. मी म्हणालो, "हो. दिलं."

ती "बरं" म्हणाली आणि भिंतीला धरून आत गेली.

पुढचे तीन शुक्रवार ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. जेव, पाणी घे, गाडी चुकंल. सायझिंगची खबर विचारली नाही. ताटात आईने वाढलेलं तसंच राहायचं. ताप गेला होता, डॉक्टर म्हणाले तसाच. आई तिला म्हणायची, "बगा, आता शुक्कारी हीव येत न्हाय, सुधरताय तुम्ही." आत्या म्हणायची, "व्हय, आता कशाला येल." आईला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं, तिने माझ्यावरचा जीव काढून घेतला, म्हणून ताप येत नाही, असं ती सांगत होती. ते ऐकलं की मी ताट घेऊन ओट्यावर जायचो.

आखाडात तिला आडवं होता येईना. अंथरुणांच्या वळकट्या पाठीशी रचून ती बसून असायची, बसूनच डोळा लागायचा. मी शेठकडून चार दिवसांची सुट्टी घेऊन गेलो होतो. दुपारची वेळ होती, पाऊस उघडला होता, वडील चिखलणीला गेले होते आणि आई गोठ्यात होती. आत्याने हाताने मला जवळ बोलावलं. एकेका श्वासाला दोन-तीन शब्द, असं ती बोलली.

"त्या बाईला... पोरं हायत ना?"

"दोन."

"मंग बरं केलंस... जागा दिलीस तिला." थांबली. श्वास गोळा केला. "मना राग आलेला... तवा. आता न्हाय." माझ्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता. "तू मनाला... लावून घेऊ नको. माफ केलं मी तुना."

मी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि रडलो. तिला वाटलं, जागेसाठी रडतो आहे. माझी समजूत काढत ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, आणि मी ते फिरवू दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. जे मी केलं नव्हतं, त्याची माफी तिने मला दिली. जे केलं होतं, ते मी तिला कधीच सांगितलं नाही.